चोळ्याचे धुरांडे, तारापूरची भट्टी

कल्याण आणि डोंबिवलीच्या मध्ये, ठाकुर्लीला, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १९२९ साली स्वतःचे वीजकेंद्र बांधले. शेजारच्या चोळे गावावरून त्याला चोळे पॉवर हाऊस म्हणू लागले. त्याआधी चार वर्षे, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेवरची पहिली गाडी धावली होती. आता तारा बोरघाट आणि थळघाट चढून पुणे-इगतपुरीकडे निघाल्या होत्या. टाटांची जलवीज मुंबईत येऊन दीड दशक होत आले होते, तरी रेल्वेला आपल्या मुठीतले केंद्र हवे होते. कोळसा आणणाऱ्या गाड्या घरच्या, पाणी शेजारचे, आणि वीज जिथे लागते तिथेच तयार. १९८०च्या दशकात हे धुरांडे थंडावले. पुढे त्याच जागी गॅसवरचे मोठे केंद्र उभारण्याचे रेल्वेने घाटले, ते कागदावरच राहिले. पण चोळ्यामागची कल्पना काही मेली नाही. आपल्या गरजेपुरती, आपल्या दाराशी, आपल्या मालकीची वीज, ही तीच कल्पना आज छोट्या अणुभट्टीचे नाव घेऊन परत आली आहे. डिसेंबर २०२४च्या अखेरीस न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने खासगी उद्योगांकडून २२० मेगावॅटच्या 'भारत स्मॉल रिअॅक्टर'साठी प्रस्ताव मागवले. जमीन आणि पैसा उद्योगाचा, बांधणे आणि चालवणे कॉर्पोरेशनचे, वीज उद्योगाच्या कामाला. पोलाद, सिमेंट, अॅल्युमिनियमवाल्यांसाठी ही चोळ्याचीच योजना आहे, फक्त कोळशाच्या जागी युरेनियम. मग ज्या शहरांनी ती योजना आधी पाहिली, त्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीसाठी या नव्या भट्टीचा उपयोग काय?

आधी 'छोटी' या शब्दाचा हिशेब करू. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या व्याख्येप्रमाणे ३०० मेगावॅटपर्यंतची अणुभट्टी छोटी. या मापाने पाहिले तर छोटी अणुभट्टी ही उद्याची नवलाई नाही. ती आपल्याकडे १९६९ पासून आहे आणि तीही जुन्या ठाणे जिल्ह्यातच. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा होईपर्यंत तारापूर ठाणे जिल्ह्यात होते. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधून दिल्या, २८ ऑक्टोबर १९६९ रोजी त्यांची व्यापारी वीज सुरू झाली. क्षमता प्रत्येकी २१० मेगावॅट, पुढे यंत्रांच्या दुखण्यांमुळे ती १६०वर आणली गेली. कॅनडाच्या धर्तीवर राजस्थानात सुरू झालेल्या आणि मग आपल्या अभियंत्यांनी आपल्याशा केलेल्या जड पाण्याच्या २२० मेगावॅटच्या भट्ट्या नरोरा, काक्रापार, कैगा, कल्पाक्कम इथे चालल्या. थोडक्यात, जगात ज्याला 'स्मॉल मॉड्युलर रिअॅक्टर' म्हणून सादर केले जाते त्यातला 'स्मॉल' आपल्या अंगवळणी पडलेला आहे. नवा आहे तो 'मॉड्युलर', म्हणजे भट्टीचे मोठाले भाग कारखान्यात एकाच साच्याने बनवायचे, ट्रकवर किंवा बोटीवर लादून जागेवर न्यायचे आणि जोडायचे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि कॉर्पोरेशन मिळून ज्या २०० आणि ५५ मेगावॅटच्या नव्या भट्ट्यांचे आराखडे करत आहेत, त्यांच्याकडून ही अपेक्षा आहे. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या कामासाठी २०,००० कोटी रुपयांची तरतूद झाली आणि २०३३पर्यंत देशी बनावटीच्या किमान पाच छोट्या भट्ट्या चालू करण्याचे उद्दिष्ट ठरले. त्यांतल्या पहिल्यावहिल्यांची नियोजित जागा आहे तारापूर.

अशी एक भट्टी किती वीज देते, हे शहराच्या मापाने पाहिले की चित्र स्पष्ट होते. २२० मेगावॅटची भट्टी वर्षातला ८५ टक्के काळ पूर्ण भाराने चालली तर सुमारे १६४ कोटी युनिट वीज तयार होते. महिन्याला दीडशे युनिट जाळणारे घर धरले, तर नऊ लाख घरांची वर्षभराची वीज. २०११च्या जनगणनेत ठाणे शहर अठरा लाखांवर आणि कल्याण-डोंबिवली साडेबारा लाखांच्या आसपास होते. घरटी चार माणसे धरली तर दोन्ही महापालिकांची मिळून पावणेआठ लाख घरे. म्हणजे कारखाने, रेल्वे, मॉल बाजूला ठेवले तर त्या वेळची ही दोन्ही शहरे एका भट्टीत उजळून वर थोडी वीज उरली असती. तेवढीच वीज आपल्याकडच्या कोळशावर करायची तर वर्षाला अकरा-बारा लाख टन कोळसा लागेल, म्हणजे जवळपास रोज एक भरलेली मालगाडी. जड पाण्याच्या भट्टीला नैसर्गिक युरेनियम लागते वर्षाला तीस-पस्तीस टन, आणि युरेनियम इतके जड असते की तेवढा माल दोन-तीन ट्रकांत मावतो. अणुऊर्जेची सगळी मोहिनी या एका तुलनेत आहे. आणि सगळी फसगतही इथूनच सुरू होते. कारण इंधन थोडे लागते यावरून वीज स्वस्त पडते असा निष्कर्ष निघत नाही. अणुविजेत पैसा जातो तो इंधनावर नव्हे, भट्टी बांधण्यावर आणि बांधून होईपर्यंतच्या व्याजावर.

इथे आपल्याच इतिहासातली एक गोष्ट छोट्या भट्टीच्या भक्तांनी नीट पाहावी. आपण २२०वर थांबलो नाही. तारापूरला २००५-०६ मध्ये ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्या चालू झाल्या, मग काक्रापारला ७०० मेगावॅटच्या. २०१७ साली सरकारने ७०० मेगावॅटच्या दहा भट्ट्या एकदम मंजूर केल्या, त्यांचा अंदाजित खर्च होता १ लाख ५ हजार कोटी, म्हणजे मेगावॅटला पंधरा कोटी. छोट्याकडून मोठ्याकडे आपण हौसेने गेलो नव्हतो. नियंत्रण कक्ष, सुरक्षा व्यवस्था, पहारा, परवाने हा खर्च भट्टी निम्मी केली म्हणून निम्मा होत नाही. पोळ्या दहा लाटा की वीस, परात-पोळपाट तेवढेच लागतात. मोठी भट्टी म्हणून युनिटला स्वस्त. छोट्या भट्टीचा दावा असा की आकारातला हा तोटा आपण संख्येने भरून काढू. एकसारख्या पन्नास-शंभर भट्ट्या कारखान्यात बनवल्या की मोटारगाडीसारखी किंमत उतरेल. दावा तर्काला धरून आहे, पण त्याचा पुरावा अजून बाजारात आलेला नाही. अमेरिकेत न्यूस्केल कंपनीच्या ४६२ मेगावॅटच्या प्रकल्पाचा खर्च ९३० कोटी डॉलरवर गेला, विजेचा ठरवलेला दर मेगावॅट-तासाला ५८ डॉलरवरून ८९ डॉलरवर पोहोचला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रकल्प गुंडाळावा लागला. कॅनडात डार्लिंग्टनला ३०० मेगावॅटच्या चार भट्ट्यांना २०२५ मध्ये हिरवा कंदील मिळाला, अंदाज २,०९० कोटी कॅनेडियन डॉलर. रुपयांत मांडले तर मेगावॅटला शंभर कोटींच्या वर. तिथली मजुरी आणि इथली मजुरी यांची तुलना होत नाही हे खरे, तरी पंधरा आणि शंभर या आकड्यांतली दरी केवळ मजुरीची नाही. रशियाची 'अकादेमिक लोमोनोसोव' ही तरंगती वीजनौका २०२० पासून पेवेक बंदराला ३५ मेगावॅटच्या दोन भट्ट्यांतून वीज देते आहे. पण आर्क्टिकच्या त्या टोकाला डिझेलही सोन्याच्या भावाने पोहोचते. छोटी भट्टी चालते याचा तो पुरावा आहे, परवडते याचा नाही.

मग एवढा खटाटोप कशाला? सौरऊर्जा स्वस्त आहे, साठवणुकीसह सौरविजेच्या निविदा आपल्या देशात युनिटला साडेतीन रुपयांच्या आतबाहेर लागल्या आहेत. मग अणूच्या भानगडीत का पडा? हा या विषयावरचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. साठवणुकीचे उत्तम उदाहरण तर ठाणे जिल्ह्यातच आहे. घाटघरचे २५० मेगावॅटचे केंद्र २००८ पासून हेच करते: वीज उरते तेव्हा शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याच्या खालच्या धरणातले पाणी सुमारे चारशे मीटर वर घाटमाथ्यावर चढवायचे आणि संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून जनित्रे फिरवायची. भिवपुरीला टाटांनी याच जातीचे १,००० मेगावॅटचे काम हाती घेतले आहे. दुपारचे ऊन रात्री आठ वाजता डोंबिवलीच्या घराघरात वापरण्याचा हा मार्ग छोट्या अणुभट्टीपेक्षा स्वस्त आहे आणि लवकर होण्यासारखा आहे. त्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. पण या मार्गाची मजल काही तासांची. डोंगरावरचा तलाव एका संध्याकाळपुरता असतो, आषाढापुरता नाही. कोकणात आणि घाटावर ढग सलग आठवडा-आठवडा बसतात, तेव्हा भरायलाच ऊन नसते. पावसाळ्यात वारा जोरात असतो आणि सातारा-सांगलीच्या पवनचक्क्या त्या वेळी मदतीला येतात, हेही मोजले पाहिजे. पण वाऱ्याला वेळापत्रक नसते.

शिवाय मागणीचा स्वभाव बदलतो आहे. घरातली वीज चढते-उतरते. ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे जिल्ह्यातल्या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरांची वीज मात्र दिवसरात्र, बारमाही, जवळजवळ सपाट रेषेत चालते. मुंबई आणि नवी मुंबईत अशा केंद्रांचा देशातला सर्वांत मोठा जमाव आहे. लोकलगाड्या पहाटे चारपासून मध्यरात्र उलटेपर्यंत धावतात. अशा सपाट मागणीखाली सपाट पुरवठा लागतो आणि तो आज मुख्यतः कोळशातून येतो. गुगल आणि अॅमेझॉन यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये छोट्या भट्ट्या करणाऱ्या कंपन्यांशी करार केले ते याच कारणासाठी. ती पर्यावरणाची कळकळ होती असे समजायचे कारण नाही; त्यांच्या सर्व्हरना रात्र नसते, एवढेच. छोट्या अणुभट्टीची खरी स्पर्धा त्यामुळे छतावरच्या सौरपट्टीशी नाही. ती आहे कोळशाच्या २१० मेगावॅटच्या संचाशी. हा आकडा मुद्दाम लक्षात ठेवावा. नाशिकजवळ एकलहऱ्याला तीन संच २१०चे आहेत. राज्यात आणि देशात असे कितीतरी संच म्हातारे झाले आहेत. त्यांच्या बाहेर जाणाऱ्या वाहिन्या, उपकेंद्रे, मोक्याच्या जागा तयार आहेत. ७०० किंवा १,६०० मेगावॅटची भट्टी तिथे बसत नाही. २००-२२०ची त्या वाहिन्यांवर अलगद बसू शकते. छोटेपणाचा खरा फायदा हा आहे. तरी प्रत्येक जुनी जागा चालेल असे नाही. परळीचे औष्णिक केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. तिथे कोळशाऐवजी युरेनियम आणल्याने पाणी येत नाही.

आता कल्पनेतला सोपा प्रश्न: मग चोळ्याच्याच जागेवर बसवा की एक! वीज लागते तिथेच तयार होईल, मोठ्या वाहिन्यांवर भरवसा नको. या विचाराला १२ ऑक्टोबर २०२० या दिवसाने मोठे बळ दिले. त्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, लोकल रुळांवर उभ्या राहिल्या, इस्पितळे जनित्रांवर आली. कारण होते पडघा ते कळवा दरम्यानच्या आणि आसपासच्या ४०० केव्हीच्या वाहिन्यांचे: काही दुरुस्तीसाठी बंद, उरलेल्या एकामागून एक सुटल्या. पडघ्याचे उपकेंद्र भिवंडी तालुक्यात. चंद्रपूरची वीज १९९९ पासून ७५२ किलोमीटरच्या उच्चदाब एकदिश वाहिनीने तिथवर येते आणि पुढे मुंबई-ठाण्याला वाटली जाते. एवढ्या लांबच्या दोरीला लटकलेल्या महानगराला स्वतःजवळ भट्टी असावी असे वाटणे साहजिक आहे. पण त्याच दिवसाचा दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही. मुंबईपाशी केंद्र नव्हते असे थोडेच होते. तुर्भ्याचे टाटांचे औष्णिक केंद्र शहरातच होते. बाहेरचे जाळे तुटले तर मुंबईला बेटासारखे वेगळे करून शहरातल्या विजेवर चालवायची योजनाही कित्येक दशकांची. त्या दिवशी ती चालली नाही, तुर्भ्याचे संचही बंद पडले. अणुभट्टी तर या बाबतीत कोळशाच्या संचापेक्षा नाजूक. जाळ्यात मोठा हेलकावा आला की ती आपणहून थांबते, आणि थांबल्यावर तिलाच थंड ठेवण्यासाठी बाहेरची वीज लागते. २०२०चा धडा आहे तो वाहिन्यांचा आणि त्यांच्या देखभालीचा. त्यावर कल्याणला भट्टी बांधणे म्हणजे छप्पर गळते म्हणून नवी विहीर खणणे.

जागेचे आणि पाण्याचे गणितही चोळ्याला बसत नाही. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे भट्टीभोवती एक किलोमीटर त्रिज्येत वस्ती चालत नाही. हे वर्तुळ ३१४ हेक्टरांचे होते. छोट्या भट्टीसाठी ही मर्यादा अर्ध्या किलोमीटरवर आणण्याचा विचार आहे, तरी ७८ हेक्टर मोकळी जमीन लागते आणि त्यापलीकडे पाच किलोमीटरपर्यंत वस्तीच्या वाढीवर लगाम. ठाकुर्ली आणि डोंबिवली स्थानकांत अंतर दोनेक किलोमीटर. त्या लगामाचे वर्तुळ आखले तर त्यात डोंबिवली आणि कल्याणचा मोठा भाग अलगद येतो. पाण्याचे म्हणाल तर भट्टीत तयार झालेल्या उष्णतेपैकी जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो, बाकीची बाहेर टाकावी लागते. शीतन मनोऱ्यातून ती टाकायची तर २२० मेगावॅटला दिवसाला सुमारे १३ दशलक्ष लिटर पाणी वाफ होऊन जाईल. माणशी १३५ लिटरच्या सरकारी मापाने हे एक लाख माणसांचे रोजचे पाणी. उल्हास नदीवर कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ सगळ्यांची तहान टांगलेली असताना ते मागायला कोण धजेल? आणि शेवटी माणसांचा प्रश्न. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन तारखा डोंबिवलीकर विसरलेले नाहीत. एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांतले ते स्फोट अणूचे नव्हते, पण धोक्याच्या कारखान्याला खेटून इमारती उभ्या राहतात तेव्हा कागदावरच्या अंतराच्या नियमांचे काय होते, हे त्यांनी दाखवले आहे. ज्या शहरात रासायनिक कारखान्याभोवतीचे अंतर राखता आले नाही, तिथे अणुभट्टीभोवतीचे राखले जाईल असे मानणे भाबडेपणाचे आहे.

याचा अर्थ छोटी भट्टी बेभरवशाची, असा मात्र होत नाही. सुरक्षिततेच्या बाबतीत छोटेपणाला भौतिकशास्त्राची साथ आहे. भट्टी बंद केली तरी इंधनातली उष्णता लगेच थांबत नाही. बंद केल्याच्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उरते, दिवसाभरात अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. फुकुशिमाला २०११ मध्ये घात केला तो या उरलेल्या उष्णतेने, कारण त्सुनामीने पंपांची वीजच नेली. मोठ्या पातेल्यातले दूध तासभर गरम राहते, वाटीतले पाच मिनिटांत निवते. छोट्या भट्टीत उरलेली उष्णता मुळात कमी आणि ती बाहेर जायला अंगाच्या मानाने पृष्ठभाग जास्त. म्हणून नव्या आराखड्यांत पंपांशिवाय, पाण्याच्या आपसूक फिरण्यावर थंड होण्याची सोय करता येते. हे नुसते कागदावरचे नाही. ३१ मार्च १९९३ रोजी नरोऱ्याच्या २२० मेगावॅटच्या भट्टीत टर्बाइनचे पाते तुटून हायड्रोजनचा भडका उडाला, केबली जळाल्या आणि केंद्र सुमारे सतरा तास पूर्ण अंधारात राहिले. कर्मचाऱ्यांनी धुरात हाताने झडपा उघडून भट्टीत बोरॉन सोडले, आग विझवण्याच्या डिझेल पंपांचे पाणी बॉयलरकडे वळवले. भट्टीतले पाणी आपसूक फिरत राहिले. किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही. या प्रसंगाकडे दोन्ही बाजूंनी बघायला हवे: भट्टी तगली हे खरे, आणि ती माणसांच्या हिकमतीवर तगली हेही खरे. कुणी म्हणेल, ठाण्याच्या खाडीकाठी तुर्भ्याला तर १९५६च्या अप्सरापासून अणुभट्ट्या आहेतच, मग भीती कसली? आहेत, पण १९८५ची ध्रुव ही तिथली मोठी भट्टी १०० मेगावॅट उष्णतेची आहे आणि २२० मेगावॅट विजेच्या भट्टीत उष्णता साडेसातशेच्या घरात असते. संशोधनाची भट्टी आणि वीजभट्टी यांना एका मापाने मोजू नये.

कचरा आणि इंधन या दोन प्रश्नांवर छोटेपणा उलट अडचणीचाच ठरतो. भट्टी लहान की तिच्यातून न्यूट्रॉन निसटून जाण्याचे प्रमाण जास्त. २०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने काही छोट्या आराखड्यांत तेवढ्याच विजेमागे कचऱ्याचे आकारमान दुपटीपासून तीसपटीपर्यंत जाईल असे दाखवले. उत्पादकांना ते मान्य नाही, आणि आपल्या जड पाण्याच्या भट्टीचा त्यात समावेश नव्हता. तरी 'छोटी भट्टी, छोटा कचरा' हे समीकरण चुकीचे आहे. तारापूरला वापरलेल्या इंधनावर पुन्हा प्रक्रिया करण्याचा आणि उरलेला कचरा काचेत बंदिस्त करण्याचा अनुभव अनेक दशकांचा आहे, ही जमेची बाजू. इंधनाची आठवण मात्र कडू आहे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागते. १९७४च्या पोखरणनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला, मग फ्रान्स, मग चीन, मग रशिया असे दारोदार हिंडून त्या चालवाव्या लागल्या. नियोजित २०० मेगावॅटच्या भट्टीलाही थोडे समृद्ध युरेनियमच लागणार. या कसोटीवर जुनी, नैसर्गिक युरेनियमवर चालणारी २२०ची भट्टी नव्या झकपक भट्टीपेक्षा उजवी ठरते. महानिर्मितीने एप्रिल २०२५ मध्ये रशियाच्या रोसअॅटमशी थोरियमवरच्या छोट्या भट्टीसाठी सामंजस्य करार केला, पण सामंजस्य करारावर दिवा लागत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' कायदा केला, १९६२चा अणुऊर्जा कायदा आणि २०१०चा नुकसानभरपाईचा कायदा गेला आणि खासगी कंपन्यांना भट्टी चालवण्याचा मार्ग खुला झाला. या कायद्यात भट्टी चालवणाऱ्याची भरपाईची मर्यादा भट्टीच्या आकारावर ठरवली आहे: सर्वांत मोठ्या गटाला ३,००० कोटी, सर्वांत लहान गटाला १०० कोटी. भोपाळच्या १९८९च्या तडजोडीत ४७ कोटी डॉलर, तेव्हाचे सातशे कोटींवर रुपये ठरले होते आणि ते अपुरे होते यावर आज कुणाचे दुमत नाही. ३६ वर्षांनंतर त्याहून कमी मर्यादा लिहायची आणि 'छोटी आहे, धोका कमी' म्हणायचे, हे पटणारे नाही. भट्टी खरोखर इतकी सुरक्षित असेल तर मालकाला मोठी मर्यादा स्वीकारायला अडचण नसावी. छोट्या अणुभट्टीला विरोध करण्याजोगे सर्वांत सबळ कारण मला तिच्या तंत्रात दिसत नाही, या कलमात दिसते.

एवढे सगळे तोलून पाहिले तर ठाणे-कल्याणच्या वाट्याची छोटी भट्टी तारापूरलाच हवी. तिथे समुद्राचे पाणी आहे, पन्नास वर्षांहून अधिक काळाचे कसबी हात आहेत, कचऱ्याची सोय आहे, दक्षिणेकडे येणाऱ्या वाहिन्या आहेत. जवळच डहाणूला कोळशाचे ५०० मेगावॅटचे केंद्र १९९०च्या दशकापासून मुंबईच्या उपनगरांना वीज देते आहे. २०० मेगावॅटच्या दोन-तीन भट्ट्या नीट चालल्या तर त्या धुरांड्याला सन्मानाने निवृत्त करता येईल. जैतापूरला ९,९०० मेगावॅटचा घाट २०१० पासून घातला, १८ एप्रिल २०११ रोजी तिथे गोळीबारात एका माणसाचा जीव गेला आणि आजवर एकही भट्टी उभी राहिली नाही. त्यापेक्षा ओळखीच्या जागी दोनशे-दोनशेच्या पायऱ्यांनी जाणे शहाणपणाचे. देशाचे २०४७चे १०० गिगावॅटचे लक्ष्य याने गाठले जाणार नाही. आजचे पावणेनऊ हजार मेगावॅट वजा केले तर २२०च्या चारशेहून जास्त भट्ट्या लागतील. ते काम झालेच तर ७००च्या आणि त्याहून मोठ्या भट्ट्यांचे. छोटीने कोळशाचे म्हातारे संच बदलावेत आणि स्वतःची किंमत सिद्ध करावी, एवढे पुरे. पहिल्या दोन भट्ट्यांचा प्रत्यक्ष खर्च आणि युनिटचा दर जाहीर होईपर्यंत तिसरीची मंजुरी देऊ नये.

आणि तारापूरला तरी जमीन कोरी नाही. तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावे उठली, त्यांच्या पुनर्वसनाचे खटले उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालले. नव्या भट्टीची जनसुनावणी लागेल तेव्हा ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून वीज वापरणाऱ्यांपैकी काही जणांनी तरी बोईसरपर्यंत जावे, आणि मेगावॅटच्या आधी त्या दोन गावांचे काय झाले ते विचारावे.